बाबांचे टाळ आणि माझा प्रश्न: देवाशी नातं जुळतं म्हणजे नेमकं काय होतं?

मृणाल_ठाणे

नमस्कार. लिहू की नको, असं दोन महिने चाललं होतं. आज रविवार आहे, मुलगा क्लासला गेलाय, घरात शांतता आहे, म्हणून बसले.

मी एका बँकेत नोकरी करते, वय ४४. गेल्या वर्षी आमच्या घराचा शेवटचा हप्ता फिटला. कर्ज संपल्याचं पत्र पर्समध्ये घालून रिक्षाने घरी येताना मला रडू आलं, इतकं हलकं वाटलं. तो गुरुवार होता. ते हलकेपण रविवारपर्यंत टिकलं. सोमवारी सकाळी लोकलच्या दारात उभी राहिले तेव्हा छातीवर तेच ओझं, होतं तसं. केदारनाथला जाऊन आले तेव्हाही असंच झालं होतं. दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला गेले होते, तिथे फार छान वाटलं, पण घरी आल्यावर तेही पंधरवडाभरात विरून गेलं.

आता बाबांबद्दल सांगते, कारण प्रश्न तिथूनच सुरू झाला. बाबा माळकरी होते. गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी वर्षाचीही नव्हते. गिरणी सुटली ती सुटलीच. त्यानंतर बाबांनी भाजीची गाडी लावली, हमाली केली आणि शेवटची २२ वर्षं इमारतींवर वॉचमन म्हणून काढली. आमच्याकडे कधी काही शिल्लक नसायचं. तरी रात्री ड्यूटीवर जायच्या आधी अर्धा तास टाळ घेऊन हरिपाठ म्हणायचे, आणि उठताना भिंतीवरच्या विठ्ठलाच्या तसबिरीकडे बघून म्हणायचे, "आज लय दमवलंस बाबा." लहानपणी मला वाटायचं, ते आईला म्हणतायत. मोठी झाल्यावर कळलं, आई तर तेव्हा मोरीत भांडी घासत असायची.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. माळ त्यांच्याबरोबर गेली, टाळ मागे राहिले. ते माझ्या कपाटात साडीत गुंडाळून ठेवलेत.

मी देव मानते. गणपती बसवते, श्रावणी सोमवार धरते, संकष्टी सोडत नाही. पण माझं हे मानणं आणि बाबांचं जे काही होतं ते, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे मला आता स्वच्छ दिसतं. माझ्याकडे बाबांपेक्षा सगळंच जास्त आहे, आणि त्यांच्याकडे होतं तेवढं एकच नाही. म्हणून विचारते. जो उत्तर देत नाही त्याच्याशी नातं जोडायचं कसं? आणि जोडलं, तर त्यातून येणारं समाधान टिकतं का, की तेही रविवारपर्यंतच?

---

डोंगरवाट

मृणाल, मी देव मानत नाही, तरी तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कुठल्याही सुखाची सवय होते आणि मग ते जाणवेनासं होतं, हे मीही अनुभवलंय. पगारवाढ, नवी गाडी, सगळ्याचं तसंच. पण सवयीचा हा नियम तुमच्या वडिलांना लागू झालेला दिसत नाही. गिरणी बंद पडली, गाडी लावली, वॉचमनकी केली, आणि रोजचा तो अर्धा तास मात्र विटला नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी लिहावं, मी वाचतोय.

---

मृदंगी_तरडगाव

मृणालताई, वयाने मी मोठा, ६५ चा आहे, पण ताईच म्हणतो. दिंडीत आम्ही सगळ्यांनाच माउली म्हणतो, तेही चाललं असतं.

मी एसटीच्या आगारात ३४ वर्षं मेकॅनिक होतो. आमचं गाव तरडगावच्या जवळ, त्यामुळे वारीतलं चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्व धावतो ते, म्हणजे आमच्या दारातलं. वडिलांच्या खांद्यावर बसून माउलींचा, म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांचा, अश्व पाहिलेला आहे. चौदाव्या वर्षी पखवाज हातात आला, तो अजून आहे. रथामागच्या एका लहानशा दिंडीत वाजवतो.

समाधान टिकतं का, असं विचारलंत. मला वाद्याचंच कळतं म्हणून वाद्यावरून सांगतो. पखवाजाला दोन तोंडं. उजव्या तोंडावर काळी शाई असते. कारागिराने ती एकदा नीट भरली की पुढे किती वर्षं बघावं लागत नाही. डाव्या तोंडाला, धुमेला, मात्र दर वेळी ओली कणीक लावावी लागते, आणि वाजवून झालं की ती खरवडून काढायची. कालची कणीक आज चालत नाही. वाळते, तडकते, आवाजातला घुमारा जातो. आयुष्यातली कितीतरी वर्षं मी देवाकडे शाई मागत होतो, एकदाच भरून दे म्हणजे मला पुन्हा बघायला नको. तो मला रोज मूठभर कणीक देत होता आणि मी म्हणत होतो, ही तर उद्या वाळणार.

माझं आणि विठ्ठलाचं नातं तेव्हा देण्याघेण्याचं होतं. मुलगी बारावीला बसली, अमुक इतके टक्के पडू दे, अभिषेक घालतो. बदली टळू दे, दोन वाऱ्या जास्त करतो. त्यात पाप आहे असं मी म्हणत नाही. पण वाण्याशी आपलं असतं तेवढंच ते. वाण्यापाशी कोणी रडत नाही.

आमच्या मंडळींचं तसं नव्हतं. तिचं माहेर फलटण तालुक्यातलं. आई-वडील गेल्यावर तिच्या दोन भावांत जमिनीवरून कोर्टकचेरी लागली. हिने हक्कसोडपत्रावर सही करून दिली, तरी एका भावाला वाटलं की ही दुसऱ्याच्या बाजूने गेली. येणं-जाणं बंद झालं. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी कामावरून आलो तर घरात पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आणि पाटावर देव्हाऱ्यातला विठ्ठलाचा फोटो. तिने त्याला बुक्का लावला आणि ओवाळलं. मी दारातच उभा. मला म्हणाली, "आई जात्यावर म्हणायची ना, पंढरी माहेर आणि विठ्ठल भाऊ. मी इतकी वर्षं नुसतं ऐकलं. आजपासून खरं धरलं."

मी विचारलं, ओवाळणी कोण घालणार? तर म्हणाली, "तो काय एका दिवसाचा भाऊ आहे?"

तिथून आमच्या घरात विठ्ठलाशी बोलणं सुरू झालं. पूजा वेगळी, ती मी करायचो. ही बोलायची. भाकरी थापताना बोलायची. दूध नासलं तर सांगायची. शेजारणीशी वाजलं तर स्वतःचीही चूक सांगून टाकायची, कारण भावाला आपला स्वभाव ठाऊक असतो, त्याच्यापाशी लपवून काय करणार! पंढरपूरला गेलो की मी पदस्पर्शाच्या रांगेत १२-१२, १५-१५ तास उभा राहायचो, आणि ही देवळाच्या दाराशी नामदेव पायरीच्या अंगाला बसून राहायची. मी चिडायचो, एवढ्या लांब येऊन दर्शन नाही म्हणजे काय? ती म्हणायची, "माहेरी गेलेली पोर ओट्यावर बसली तरी माहेरातच असते."

२०१८ ला मी निवृत्त झालो. पुढच्या वर्षी तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्याला तीन वेळा डायलिसिस, दर वेळी चार तास. पाणी मोजून. पथ्याचा कागद मिळाला त्यात शेंगदाणा, बटाटा, केळं, खजूर, रताळं सगळ्यावर काट. म्हणजे उपवासाचं जे जे म्हणून असतं तेच वर्ज्य. डॉक्टरांनी उपाशी राहायलाही मनाई केली. तिची तीस वर्षांची एकादशी. मला वाटलं, बाकीचं सोसेल पण या एका गोष्टीने कोसळेल. ती देव्हाऱ्यापुढे बसली आणि म्हणाली, "दादा, आजपासून एकादशीला मी जेवणार आहे." एवढंच. आणि उठून भात-भाजी जेवली. रात्री मी विचारलं, तुला वाईट नाही वाटलं? म्हणाली, "वाटलं. पण कुठल्या भावाला बहिणीच्या जिवापेक्षा उपास मोठा वाटेल?"

मी मात्र फिरलो. चाळीस वर्षांच्या वर वाजवलं, त्याचं हे फळ? पखवाज गवसणीत घालून माळ्यावर टाकला. हरिपाठ सोडला. गळ्यातली माळ काढायचं धाडस झालं नाही, पण तिला हात लावत नव्हतो.

मग २०२० आलं. वारी थांबली. नाक्यानाक्यावर पोलिसांना दवाखान्याचा कागद दाखवत मी हिला डायलिसिसला नेत होतो. ३० जूनला, दशमीला, माउलींच्या पादुका आळंदीहून एसटीने पंढरपूरला निघाल्या. टीव्हीवर दाखवत होते. फुलांनी सजवलेली एसटी, आत मोजके मानकरी. ताई, ३४ वर्षं मी त्याच गाड्यांच्या खाली पाठीवर पडून नट आवळलेत. नखातलं ग्रीस जात नाही म्हणून रविवारी भजनाला बसायची लाज वाटायची. आगारातलं काम पोटासाठी आणि पखवाज देवासाठी, अशी मी मनाशी वाटणी करून ठेवली होती. त्या दिवशी देवच पोटाच्या बाजूला येऊन बसला.

ही खाटेवर होती. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तिला मान उचलवत नसे. तशीच माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा, तुम्ही रुसलात तर तो तुमच्या गाडीत येऊन बसला."

मी उठलो आणि माळ्यावरून पखवाज काढला. वाद्या सैल पडल्या होत्या, गट्टे ठोकून घेतले. कणीक तिने मळून दिली, उजव्या हाताने एकट्याने, डाव्या हातात डायलिसिसच्या सुयांसाठी केलेला फिस्टुला होता म्हणून. त्या संध्याकाळी दोघांनीच हरिपाठ म्हटला. तिचा आवाज मध्येच थांबायचा तेव्हा मी ठेका तसाच धरून ठेवायचो, ती पुढच्या चरणावर पुन्हा येऊन मिळायची.

२०२१ च्या कार्तिकात ती गेली.

तुम्ही टिकण्याचं विचारलंत म्हणून इथे खरं सांगायला पाहिजे. ती गेली तेव्हा मला समाधान वगैरे काही नव्हतं. घर खायला उठायचं. चहा दोन कप टाकायचो. माझ्यापाशी टिकलं ते इतकंच की रडायला जागा शोधावी लागली नाही. ज्याच्यापुढे ती बोलायची त्याच्यापुढेच मी बसलो आणि पहिल्यांदा वाण्याशी बोलावं तसं बोललो नाही. काही मागितलं नाही, काही कबूल केलं नाही. तिची आठवण आम्हा दोघांनाही येते, असं वाटलं. तिचा भाऊ ना तो.

तो उत्तर देत नाही, असं तुम्ही म्हणता. मलाही कधी आवाज ऐकू आला नाही. पण भजनाला उभं राहिलं की टाळकरी मला उत्तर देत नाहीत आणि मी त्यांना देत नाही, तरी पन्नास माणसं एकमेकांचं ऐकत असतात. एक जण घसरला तर बाकीचे त्याला नकळत ठेक्यात ओढून घेतात. ऐकणारा आहे हे मला तसं कळतं. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

रागाचंही भय धरू नका. आमच्या संतांनी राग लपवला नाही. जनाबाई त्याला विठ्या म्हणून शिव्या घालायची. १६३० च्या दुष्काळात तुकोबारायांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, आणि त्याच तुकोबांनी एका अभंगात लिहून ठेवलंय की माझ्या लेखी देव मेला. तो अभंगही त्यांनी ऐकवला कुणाला, तर त्यालाच.

२०२२ ला वारी पुन्हा चालत सुरू झाली. मी गेलो. पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत गेलो नाही, नामदेव पायरीच्या अंगाला ती बसायची तिथे बसलो. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मुलगी पुण्याहून आली, तिने न विचारता पाट मांडला. बहिणीच्या माघारी ओवाळायचं कुणी, हा प्रश्न मलाच पडला होता, कारण मी तर त्याचा मेव्हणा. मुलगी म्हणाली, "आईचा भाऊ म्हणजे माझा मामा. मी फराळाचं ताट देते." तेव्हापासून ती त्याला मामाच म्हणते. दर वर्षी पहिली करंजी मामाची.

तुमच्या बाबांचं वाचून मला वाटलं, त्यांचं नातं जोडीदाराचं असावं. गिरणीत एकाच साच्यावर पाळीपाळीने दोघं असतात, पाळी बदलताना एकमेकांना म्हणतात तसं ते "लय दमवलंस" आहे. देवाला असं म्हणणारा माणूस त्याला भीत नसणार. तुमचं नातं कुठलं ते तुम्हीच बघा. उसनं घेऊ नका. आमच्या हिने भाऊ धरला, कारण तिला भाऊ असून नसल्यासारखे झाले होते.

आणि ते टाळ साडीतून बाहेर काढा. बांधून ठेवलं की पितळ काळं पडतं.

---

ग्रेस_नगर

मृदंगीकाका, तुमचं लिहिलेलं मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने पदर डोळ्यांना लावला.

मृणाल, आम्ही ख्रिस्ती. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शेतमजुरी करायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या उशाशी एका फडक्यात चिंचोके असायचे. एकेक चिंचोका म्हणजे एकेक माणूस. पहाटे चारला उठून ती एक चिंचोका हातात घ्यायची, त्या माणसाचं नाव घेऊन प्रभूशी बोलायची आणि मग तो दुसऱ्या बाजूला ठेवायची. मी सुट्टीत तिच्या शेजारी झोपायचे, त्या टकटक आवाजाने जागी व्हायचे. एक चिंचोका तिच्या मुकादमाचा होता, तो हजेरीत खाडे लावून तिचे पैसे कापायचा. मी म्हटलं, त्याच्यासाठी कशाला? ती म्हणाली, "बापापाशी एका लेकराची चुगली करता येते, पण त्याचं ताट काढून घे असं म्हणता येत नाही."

ती येशूला नेहमी 'बाप्पा' म्हणायची, गावातले लोक गणपतीला म्हणतात तसंच. चर्चमधल्या एकांनी तिला एकदा टोकलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणत राहिली.

आमच्याकडे उपासनेत रेव्हरंड टिळकांची भजनं होतात, पेटी आणि टाळावर. नारायण वामन टिळकांचा १८९५ ला बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणायचे. लहानपणी मला ते नुसतं सुंदर वाक्य वाटायचं. आज मृदंगीकाकांच्या पत्नीबद्दल वाचताना तो पूल मला डोळ्यांनी दिसला. माझी आजी आणि त्या एकमेकींना भेटल्या असत्या तर पहिल्या दहा मिनिटांत चुलीपाशी बसल्या असत्या.

आता तुमच्या रविवारबद्दल. मी स्वतः नर्स आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, माझी प्रार्थना पूर्ण बंद पडली होती. शब्दच यायचे नाहीत. रात्रपाळी संपवून घरी यायचे, पीपीई किटने तोंडावर वळ पडलेले असायचे, आणि भिंतीला टेकून बसायचे. तेव्हा आजीसारखे चिंचोके घेतले. काही बोलायचे नाही. एका बाजूचा चिंचोका उचलायचा, मनात त्या पेशंटचा चेहरा आणायचा, दुसऱ्या बाजूला ठेवायचा. मला बरं वाटायचं असं नाही, पण दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्या पेशंटसमोर उभं राहता यायचं. मी समाधान मोजायचं सोडलं ते तेव्हापासून. चिंचोके मात्र अजून रोज मोजते.

---

अनिकेत_श्टुटगार्ट

मृदंगीकाका, एक अगदी व्यवहाराचा प्रश्न आहे. मी गेली ९ वर्षं जर्मनीत आहे. इथे दिंडी नाही, सांजवात नाही, शेजारी भिंतीपलीकडून तक्रार करतात म्हणून टाळही नाही. एकट्याने देवाशी बोलायला बसलो की पाच मिनिटांत मन ऑफिसात जातं. आणि बोलायचं काय, हेही सुचत नाही. सुरुवात कुठून करायची?

---

मृदंगी_तरडगाव

अनिकेत, बाळा, वेळ एक ठरव आणि ती मोडू नकोस, दहा मिनिटं पुरे. जेवायच्या आधी असेल तर उत्तम, भूक आठवण करून देते.

मोठे शब्द आणू नकोस. आईला फोन लावल्यावर काय सांगतोस? जेवलो, थंडी आहे, साहेब खेकसला. तेच सांग. मराठीतच सांग, आणि ओठ हलू देत, नुसतं मनात म्हटलं की मन लगेच सटकतं. ऑफिसात गेलं मन तर ऑफिसातलंच सांग त्याला, त्यात काय! आमची मंडळी दूध नासल्याचं सांगायची.

सुरुवातीचे महिनाभर काही मागू नकोस एवढं मात्र पाळ. मागायला लागलं की आपण मिळालं का ते बघत बसतो, बोलणं राहून जातं. माझी त्यात वर्षं गेली. आणि हरिपाठ येत असेल तर म्हण, आवाज न करता. माउलींनी तो २१-२२ वर्षांच्या आयुष्यात लिहिलाय, तुझ्याहून लहान होते ते. गर्दीत म्हणण्याएवढाच तो एकट्याने म्हणण्यासाठीही आहे.

---

डोंगरवाट

काका, माझ्या विचारात फरक पडला असं नाही. पण माझी आईही एकटीच बोलत असते स्वयंपाकघरात, आणि मी तिला इतकी वर्षं "कुणाशी बोलतेस?" म्हणून हटकत आलोय. ते आजपासून बंद करतो.

---

मृणाल_ठाणे

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. सगळ्यांचे प्रतिसाद रोज वाचत होते.

टाळ काढले. काकांनी म्हटल्याप्रमाणे काळे पडले होते. चिंचेच्या कोळाने घासले, एका टाळाच्या कडेला बारीक चीर आहे ती तेव्हा दिसली. दोरी कुजलेली होती, हातात घेताच तुटली. नवी दोरी शोधताना बाबांच्या पेटीत त्यांची वॉचमनची शिट्टी सापडली, निळ्या दोरीला बांधलेली. ती दोरी सोडवून टाळांत ओवली. बरोबर पुरली.

काका, नातं उसनं घेऊ नका म्हणालात ते मनाला लागलं होतं. मी भाऊ म्हणून पाहिलं, जमलं नाही, मला सख्खा भाऊ आहे आणि चांगला आहे. वडील म्हणूनही जमेना. डोळ्यांसमोर बाबाच यायचे आणि मी त्यांच्याशीच बोलत बसायचे. मग ठरवायचं सोडून दिलं. रोज रात्री जेवायच्या आधी टाळ घेऊन बसत होते, हरिपाठाचे जेवढे अभंग येतात तेवढे म्हणत होते. चांगलं वाटत होतं असं नाही. दोन दिवस तर पूर्ण कोरडे गेले, घड्याळाकडे बघून उठले.

गेल्या शुक्रवारी बँकेत रोख जुळेना. २ हजारांचा फरक. रात्री साडेआठपर्यंत पुन्हा पुन्हा मोजत बसलो, शेवटी एका पाकिटाच्या घडीत चार नोटा सापडल्या. घरी आले, पर्स ठेवली, हातपाय न धुता तशीच तसबिरीसमोर बसले आणि तोंडातून निघालं, "आज लय दमवलंस." मी असं बोलतच नाही. आमच्या घरात 'लय' फक्त बाबा म्हणायचे.

मुलगा मागे उभा होता. त्याने विचारलं, "आई, कुणाला म्हणालीस?"

मी म्हटलं, "आजोबांचा जोडीदार आहे. आता माझ्या पाळीला असतो."

त्याने जरा विचार केला आणि टाळ हातात घेऊन बघितले. दोरी कशाची आहे ते त्याने लगेच ओळखलं. काल त्याने मला विचारलं, चीर पडलेला टाळ बदलायचा का? नको म्हटलं.